मीरा नायर : 'सलाम बॉम्बे'च्या आधीची वर्षं

अनवट

मीरा नायर हे नाव अलीकडे पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं ते न्यूयॉर्कच्या महापौरांची आई म्हणून. झोहरान ममदानी निवडून आले आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारणा सुरू झाली, 'म्हणजे ती सिनेमावालीच ना?' तीच. पण तिच्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा काळ फारसा कोणी बोलत नाही असा आहे. १९७९ ते १९८७. या काळात तिने चार माहितीपट केले. 'सलाम बॉम्बे' हा मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांवरचा तिचा १९८८ चा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो, हे चार मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी. त्यामुळे समज असा पसरलाय की हार्वर्डहून एक मुलगी आली, तिने कामाठीपुऱ्यात कॅमेरा लावला आणि पहिल्याच फटक्यात फ्रान्सच्या कान महोत्सवाचं बक्षीस नेलं. हे खरं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

थोडक्यात पार्श्वभूमी. जन्म १९५७, राउरकेला. वडील सनदी अधिकारी, आई समाजकार्यात. आडनावावरून अनेकांना ती केरळची वाटते, पण घर पंजाबी. बालपण भुवनेश्वरला, मग शिमल्याची कॉन्व्हेंट शाळा, मग दिल्लीचं मिरांडा हाउस. ओढ नाटकाची. बंगाली नाटककार बादल सरकारांच्या रंगभूमीचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. नेपथ्य नाही, पडदा नाही, लोकांमध्ये उभं राहून नाटक करायचं. मराठी नाटकवाल्यांना हे नाव मी वेगळं सांगायला नको. दिल्लीत असताना 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये तिने क्लिओपात्रा केली होती आणि समोर अँटनी होते शशी थरूर. १९ व्या वर्षी शिष्यवृत्ती मिळून हार्वर्डला गेली. तिथलं नाटक काही मनात भरलं नाही. आधी फोटोग्राफीकडे वळली आणि मग माहितीपटांकडे. तेव्हा त्याच गावात, एमआयटीत, माहितीपटकार रिचर्ड लीकॉक शिकवत होते. हलका कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, निवेदकाचा आवाज टाळायचा, समोर जे घडतंय त्याच्या मागे जायचं, ही रीत तिथल्या हवेतच होती.

पहिला माहितीपट, 'जामा मस्जिद स्ट्रीट जर्नल', १९७९ चा. विद्यार्थिदशेतला, कृष्णधवल, जेमतेम १८ मिनिटांचा. जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांमधून एक तरुण मुलगी एकटी कॅमेरा घेऊन फिरते आणि लोक तिच्याकडे बघतात. कॅमेऱ्याकडे बघणारी ही माणसं तिने कापून टाकलेली नाहीत. उलट तिची त्यांच्याशी झालेली बोलणी हाच गाभा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 'मी बाहेरून आलेय आणि हे तुम्हालाही दिसतंय,' हे तिने पहिल्याच कामात मान्य केलं होतं.

दुसरा 'सो फार फ्रॉम इंडिया'. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकात वर्तमानपत्रं विकणारा एक गुजराती तरुण. लग्न करून लगेच अमेरिकेला आलेला, बायको गरोदर आणि ती अहमदाबादला सासरी. कॅमेरा दोन्हीकडे जातो. तो परत घरी येतो तेव्हा घरात त्याचं कौतुक चालतं आणि बायको एका बाजूला असते. कुणीही खलनायक नाही आणि तरी बघवत नाही.

तिसऱ्यासाठी ती मुंबईत आली. 'इंडिया कॅबरे', १९८५. त्यावर आणि 'सलाम बॉम्बे'वर पुढच्या पोस्टमध्ये लिहिते, ही फार लांबली.

गिरगावकर

वाचतोय. लिहीत राहा. 'इंडिया कॅबरे' आमच्या फिल्म सोसायटीत एकदा दाखवला होता आणि नंतर बराच वेळ चर्चा रंगली होती. बायकांनी चर्चा केली, पुरुष गप्प होते. हे अजून आठवतं.

चाफेकळी

मस्त सुरुवात. चौथा कुठला?

अनवट

चाफेकळी, चौथा 'चिल्ड्रन ऑफ अ डिझायर्ड सेक्स', १९८७ चा. गर्भजल तपासून मुलगी असल्याचं कळलं की गर्भपात, हा विषय. कॅनडाच्या दूरचित्रवाणीसाठी केला होता. त्याच वर्षांत आपल्याकडे मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी या चाचण्यांविरुद्ध रान उठवलं होतं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. म्हणजे ती आपल्या अंगणातल्याच प्रश्नावर काम करत होती.

आता 'इंडिया कॅबरे'. मुंबईच्या उपनगरातल्या एका बारमध्ये नाचणाऱ्या बाया. साधारण १ लाख ३० हजार डॉलर जमवले, दोन महिने चित्रीकरण केलं, ५९ मिनिटांचा माहितीपट झाला. त्या बायांच्या सोबत राहून, त्यांच्या खोलीत बसून केलेलं काम आहे आणि ते दिसतं. मेकअप करताना, जेवताना, एकमेकींची थट्टा करताना त्या ज्या मोकळेपणाने बोलतात तसं पाहुण्याशी कोणी बोलत नाही. आणि मग कॅमेरा बारमधल्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या घरी जातो. तिथे त्याची बायको आहे. घरंदाज, पदर सावरून बसलेली. ती तिचं आयुष्य सांगते. घर, स्वयंपाक, नवऱ्याची वाट. तिने बाहेरचं जग किती थोडं पाहिलंय हे तिच्या बोलण्यातून कळत जातं. बारमधल्या बायका पैसे कमावतात, शिव्या देतात, पोट धरून हसतात. 'चांगली बाई' कोणाला म्हणायचं आणि त्याची किंमत कोण भरतं, हा प्रश्न एकही वाक्य उपदेशाचं न बोलता उभा राहतो.

मीराच्या घरच्यांना हा माहितीपट आवडला नव्हता. स्त्रीवादी मंडळींतूनही टीका झाली. तरी मला वाटतं, 'सलाम बॉम्बे'मधली रेखा, म्हणजे कोठ्यावर राहणारी त्या मुलीची आई, या माहितीपटाशिवाय झालीच नसती.

नवखा_कॅमेरा

अनवट, मी माहितीपट करायला धडपडतोय, म्हणून एक प्रश्न. माहितीपट चांगले चालले होते, बक्षिसंही मिळत होती, तर मग कथापटाकडे का वळली?

अनवट

नवखा_कॅमेरा, तिनेच सांगितलेली कारणं दोन. एक, प्रेक्षक. माहितीपट महोत्सवांत आणि विद्यापीठांत फिरतात, ज्यांच्यावर केले त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. दुसरं, ताबा. माहितीपटात घडेल त्याची वाट पाहायची. तिला प्रकाश, हालचाल, कथेची चाल हे सगळं स्वतःच्या हातात हवं होतं. नाटकातून आलेली बाई, ती ओढ कुठे जाणार?

कल्पना सुचली मुंबईच्या सिग्नलला. टॅक्सी थांबली की मुलं भोवती जमतात. त्या मुलांच्या चेहऱ्यावर लाचारी नव्हती, एक मिजास होती, आणि तिला तीच पकडायची होती. सूनी तारापोरवाला ही हार्वर्डपासूनची मैत्रीण, मुंबईची पारशी. दोघींनी मुंबईत रस्त्यावरच्या मुलांबरोबर फिरून, बसून माहिती गोळा केली आणि सूनीने पटकथा लिहिली. तिची ही पहिलीच पटकथा.

मग आली ती कार्यशाळा. ग्रँट रोड स्टेशनजवळची एक जागा. शंभराहून जास्त मुलं आली, त्यातली दोन डझनांच्या आसपास निवडली. दिल्लीच्या रंगभूमीवरचे बॅरी जॉन शिकवायला होते, दिनाझ स्टॅफर्ड मुलांसोबत होत्या. पहिली अडचण काय आली असेल? अभिनय करा म्हटलं की मुलं हिंदी सिनेमातल्या हिरोसारखी करायला लागली. संवादफेक, हातवारे, सगळं. ते पुसून टाकून पुन्हा स्वतःसारखं चालायला-बोलायला लावणं, यात बरेच आठवडे गेले. शफीक सय्यद, ज्याने कृष्णा म्हणजे 'चायपाव' हा मुख्य मुलगा केला, तो बेंगळुरूहून पळून आलेला मुलगा. कार्यशाळेत दिवसाला वीस रुपये आणि जेवण मिळायचं, असं त्याने पुढे सांगितलंय.

पाणपोई

मी थोडा वेगळा सूर लावतो. रस्त्यावरच्या मुलांबरोबर मुंबईत बरीच वर्षं काम केलंय, संस्थेचं नाव इथे देत नाही. 'सलाम बॉम्बे' मला आवडतो, पण दरवेळी पाहिला की त्रास होतो. शफीकला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे तो बेंगळुरूला परत गेला आणि रिक्षा चालवू लागला. त्या चेहऱ्याने जगभर टाळ्या मिळवल्या आणि त्या चेहऱ्याच्या माणसाला पुढे काम मिळालं नाही. आमच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो. मुलाला एखादी झगमगती गोष्ट दाखवायची आणि मग ती काढून घ्यायची, हे न दाखवण्यापेक्षा वाईट असतं. कार्यशाळेनंतर, चित्रीकरणानंतर, त्या मुलाच्या दुसऱ्या दिवसाचं काय, हा प्रश्न मी प्रत्येक दिग्दर्शकाला विचारेन. कितीही मोठी असली तरी.

चाफेकळी

पाणपोई, प्रश्न अगदी रास्त. आणि परदेशी प्रेक्षकांसाठी गरिबी दाखवली हा आरोप तेव्हाही झाला होता ना?

गिरगावकर

झाला होता. पण एक सांगतो, तेव्हा मी कॉलेजात होतो. आम्ही त्या भागातून रोज जायचो. फॉकलंड रोडवरून बस जायची आणि खिडकीतली माणसं मान वळवायची. नामदेव ढसाळांनी ते जग मराठी कवितेत कितीतरी आधी आणलं होतं, पण पडद्यावर त्या बायका म्हणजे मुजरा नाहीतर मरण, एवढंच असायचं. 'सलाम बॉम्बे'त रेखा आपल्या मुलीबरोबर हसते-नाचते, चायपाव चहाचे ग्लास घेऊन जिने चढतो, कोणी भांडतं, कोणी झोपलेलं असतं. त्या घरात रोजचं जगणं आहे. ज्यांना यात फक्त गरिबी दिसली त्यांनी ही माणसं पाहिलीच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय नाना. आम्ही त्याला नाटकांतून पाहिलेला. त्याचा बाबा दलाल आहे, पण पहिल्या भेटीत इतका गोड बोलतो की अंगावर काटा येतो. कोठ्याच्या मालकिणीच्या कामात शौकत आझमी आहेत. आणि चिलम नावाचा गर्दुल्ला झालेला रघुवीर यादव! त्या माणसाला त्या वर्षीची सगळी बक्षिसं द्यायला हवी होती.

अनवट

पाणपोई, तुमचा प्रश्न मी बाजूला सारणार नाही. शफीकचं पुढे जे झालं ते झालं, आणि त्याची भरपाई कशाने होत नाही. त्याने 'पतंग' नावाच्या आणखी एका चित्रपटात काम केलं, पण पुढे वाट निघाली नाही. मीराने काय केलं एवढंच सांगते. ब्राझीलच्या 'पिशोते' या चित्रपटात रस्त्यावरच्या मुलाने मुख्य भूमिका केली होती. ऑगस्ट १९८७ मध्ये तो मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. 'सलाम बॉम्बे'चं चित्रीकरण त्याच पावसाळ्यातलं. ती बातमी तिच्या मनात घर करून राहिली आणि चित्रपट संपल्यावर मुलांचं काय, हा विचार तेव्हाच सुरू झाला. चित्रपटाच्या उत्पन्नातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, दिल्लीत आणि मुंबईत. तिच्या आई प्रवीण नायर यांनी दिल्लीतलं काम अनेक वर्षं पुढे नेलं. आजही तो चालू आहे. एका मुलाला ते पुरं पडलं नाही, हजारोंना पडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

आता मला ज्या प्रसंगावर लिहायचंच होतं तो. कृष्णाला आईला पत्र पाठवायचंय. लिहिता येत नाही, म्हणून रस्त्यावरच्या पत्र लिहून देणाऱ्याकडे जातो. पैसे देतो. मजकूर सांगतो. पत्ता विचारल्यावर धड सांगता येत नाही, कारण गावापलीकडे त्याला काही ठाऊकच नाही. पोरगा निघून जातो आणि तो लेखनिक पत्राचा बोळा करून टाकून देतो. प्रसंग मिनिटा-दोन मिनिटांचा. पाचशे रुपये साठवून घरी जायचं हे ज्या मुलाचं सगळं स्वप्न, त्याचं घराशी असलेलं शेवटचं नातं तिथे तुटतं आणि ते फक्त आपल्याला कळतं, त्याला नाही. पार्श्वसंगीत नाही, क्लोजअपचा भडिमार नाही.

तो पत्रलेखक म्हणजे इरफान खान. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून तिने त्याला खरं तर मोठ्या भूमिकेसाठी आणलं होतं, मुलांच्या कार्यशाळेतही तो राहिला. पण उंचापुरा, धट्टाकट्टा. त्या उपाशी पोरांत तो बसेना. भूमिका कापली गेली. त्या रात्री तो खूप रडला, असं दोघांनीही पुढे सांगितलंय. तिने शब्द दिला होता, पुढे मुख्य भूमिका देईन. 'द नेमसेक' २००६ चा. अठरा वर्षांनी का होईना, शब्द पाळला.

गिरगावकर

जीपीओच्या बाहेर ताडपत्रीखाली बसणारे पत्रलेखक आठवले. मनीऑर्डरचा फॉर्म भरून द्यायचे, लाख लावून पार्सलं शिवून द्यायचे. कितीतरी माणसांची घरं त्यांच्या हातून चालायची. तो प्रसंग मुंबईकराला जास्त लागतो तो त्यामुळेच.

सातासमुद्रापार

धागा वाचून राहवलं नाही, लॉगिन केलं. मी अमेरिकेच्या दक्षिणेत बरीच वर्षं आहे. माझ्यासाठी मीरा नायर म्हणजे 'मिसिसिपी मसाला', १९९१. युगांडातून १९७२ मध्ये इदी अमीनने हाकललेलं गुजराती कुटुंब मिसिसिपीत मोटेलमध्ये राहतंय आणि मुलगी एका कृष्णवर्णीय तरुणाच्या प्रेमात पडते. डेन्झेल वॉशिंग्टन आणि नवीन आलेली सरिता चौधरी. सोबत रोशन सेठ, शर्मिला टागोर.

इथे येणारा आपला माणूस गोऱ्यांच्या वर्णद्वेषावर तासभर बोलेल, पण आपल्याच घरात काळ्या माणसाबद्दल काय बोललं जातं ते लपवेल. मराठी मंडळांतही मी हे ऐकलंय. 'आम्ही तसले नाही' म्हणणाऱ्या घरात मुलीने कोणाला जेवायला आणलं की सुरांत फरक पडतो. त्या काळात हे मोठ्या पडद्यावर कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगणारी बाई आपल्यातलीच होती. आफ्रिकेत जन्मलेल्या बापाला भारत माहीत नाही, अमेरिका आपली वाटत नाही, कंपालाचं घर मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. तो माणूस मला माझ्या कितीतरी ओळखीच्यांत दिसतो.

अनवट

सातासमुद्रापार, किती नेमकं लिहिलंत. याच चित्रपटाच्या अभ्यासासाठी १९८९ मध्ये ती युगांडाला गेली आणि तिथे प्राध्यापक महमूद ममदानींची भेट झाली. ते स्वतः १९७२ मध्ये हाकलल्या गेलेल्यांतले. पुढे लग्न झालं, कंपाला हे तिचं घर झालं, झोहरानचा जन्म तिथलाच, १९९१ चा. पटकथा पुन्हा सूनीची, आणि तिला व्हेनिसमध्ये पटकथेचं बक्षीस मिळालं.

पैसे उभे करताना एका निर्मात्याने विचारलं होतं की यात एखादं गोरं मुख्य पात्र घालता येईल का. सगळे वेटर गोरे असतील असं वचन देते, असं तिने उत्तर दिलं, हा किस्सा तिने अनेकदा सांगितलाय. ऑस्करचं नामांकन पदरात असलेल्या दिग्दर्शिकेची ही गत.

नवखा_कॅमेरा

'सलाम बॉम्बे'चे पैसे कुठून आले? आम्हाला पन्नास हजार जमवताना नाकी नऊ येतात.

अनवट

तुकड्यातुकड्याने. एनएफडीसी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) आणि दूरदर्शन इथून, ब्रिटनचं चॅनल फोर, फ्रान्सची काद्राज नावाची कंपनी. पहिला माणूस हो म्हणेपर्यंत दुसरा विचारात घेत नाही, हे तेव्हाही होतंच. तिच्या हातात दाखवायला काय होतं? चार माहितीपट. बक्षिसांपेक्षा मोठी गोष्ट ही की कोणत्याही जागी जाऊन, कोणाचाही विश्वास मिळवून, ठरल्या पैशांत काम पुरं करून आणते याचा पुरावा. आपल्याकडे माहितीपटाला 'खऱ्या सिनेमाच्या आधीचा सराव' समजतात. मला ते पटत नाही. तिच्या बाबतीत तरी ते काम तितकंच पुरं आणि स्वतंत्र आहे. आणखी एक. छायाचित्रण सँडी सिसेलचं. तीही माहितीपटांतून आलेली. खऱ्या गर्दीत, खऱ्या गल्लीत, बिनबोभाट काम करायची सवय असलेली माणसं तिने निवडली. शेवटी गणपती विसर्जनाच्या गर्दीत कृष्णा आणि रेखाची चुकामूक होते. ज्याने आयुष्यात कधी गर्दीत खांद्यावर कॅमेरा धरला नाही त्याला ते जमलंच नसतं.

१९८८ मध्ये कानला कॅमेरा द'ऑर, पहिल्या कथापटाचा पुरस्कार. भारतीय चित्रपटाला तो पहिल्यांदाच मिळाला. प्रेक्षकांचाही पुरस्कार. मग ऑस्करचं नामांकन, 'मदर इंडिया'नंतर दुसरंच. ते 'पेले द कॉन्करर'कडे गेलं, तो भाग वेगळा.

पाणपोई

अनवट, उत्तर आवडलं. पूर्ण समाधान झालेलं नाही, पण झाकपाक केली नाहीत, हे मोलाचं. 'इंडिया कॅबरे' कुठे बघायला मिळेल?

अनवट

पाणपोई, क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने तिच्या 'मान्सून वेडिंग' चित्रपटाची डिस्कवर जी आवृत्ती काढली तिच्यात 'सो फार फ्रॉम इंडिया' आणि 'इंडिया कॅबरे' दोन्ही आहेत. सोबत मुंबईच्या हास्यक्लबांवरचा तिचा २००० सालचा माहितीपटही आहे. आधी 'सो फार फ्रॉम इंडिया' बघा, मग 'इंडिया कॅबरे', मग पुन्हा 'सलाम बॉम्बे'. रेखाकडे लक्ष ठेवा.

गिरगावकर

फिल्म सोसायटीच्या जुन्या मंडळींना विचारतो, तिन्ही एकाच दिवशी लावता येतील का. नवखा_कॅमेरा, ठरलं तर तुम्हाला नक्की कळवतो. येताना तुमचा माहितीपटही आणा.